जुना लाइव्ह रॉक: कोणता जिवंत ठेवावा, कोणता मारावा, कोणता सोडून द्यावा

लाइव्ह रॉक म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात, म्हणजे टँकमध्ये, ठेवतात तो जिवाणू वसलेला सच्छिद्र दगड. वापरलेला लाइव्ह रॉक म्हणून जो माल मिळतो, त्यात खरं तर तीन वेगळ्या वस्तू असतात. पहिली, चालू टँकमधून पाण्यासकट निघालेला ओला रॉक. दुसरी, टँक मोडल्यावर ओल्या कागदात गुंडाळून दोन-चार दिवस खोक्यात पडलेला ओलसर रॉक. तिसरी, महिनोन्‌महिने सुकून पांढरट-करडा झालेला रॉक. यातला पहिला उत्तम आणि तिसरा कामाचा. दुसरा सगळ्यात जास्त छळतो, आणि विकणारे बहुतेक वेळा तोच ‘लाइव्ह’ म्हणून देतात.

या दगडाची किंमत त्याच्या वजनात नसते, त्याच्या भोकांमध्ये असते. तो मुळात प्रवाळांच्या सांगाड्यांचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. वरच्या थरावर अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू राहतात. आत खोलवर, जिथे ऑक्सिजन जेमतेम पोचतो, तिथे नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करणारे. चालू टँकमधला रॉक आणला की ही सगळी वस्ती आयती मिळते, आणि जिवाणू नसलेल्या कोऱ्या ड्राय रॉकला ज्या कामाला महिने लागतात ते इथे आठवड्यांत होतं. पण त्याच भोकांमध्ये मागच्या मालकाचा फॉस्फेट, त्याची औषधं, त्याचे उपद्रवी जीव आणि त्याच्या माशांचे रोगही मुक्कामाला असतात. म्हणून दगड बघण्याआधी माणसाला प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न तांब्याचा: या टँकमध्ये माशांच्या रोगावर कधी कॉपरचं औषध टाकलं होतं का? उत्तर ‘हो’ असेल, किंवा ‘आठवत नाही’ असेल, तर रॉक तिथेच ठेवून या. कार्बोनेट तांबं धरून ठेवतो आणि पुढे थोडं थोडं सोडत राहतो. माशांना चालून जाईल एवढ्या प्रमाणातही कोळंबी, गोगलगायी आणि कोरल मरतात. ब्लीचने तांबं जात नाही, उन्हाने जात नाही. आठवडाभर खाऱ्या पाण्यात भिजवून टेस्ट शून्य आली, तरी ती पुढच्या सहा महिन्यांची हमी नाही. बाकी बहुतेक दोषांवर इलाज आहे. यावर भरवशाचा इलाज नाही, त्यामुळे फुकट मिळाला तरी नको.

दुसरा प्रश्न: शेवटचे मासे कधी होते आणि कशाने मेले? तिसरा: टँकमध्ये केसासारखं हिरवं शेवाळ सतत येत होतं का? येत असेल, तर रॉक फॉस्फेटने भरलेला आहे असं धरूनच चालायचं.

आता दगड हातात घ्या, रबरी हातमोजे घालून. चांगला रॉक आकाराच्या मानाने हलका लागतो. उजेडात फिरवून बघितला की सुईच्या टोकापासून बोट जाईल एवढ्या भोकांपर्यंत सगळ्या मापांची छिद्रं दिसतात. जांभळ्या-गुलाबी कोरॅलाइन शेवाळाचा थर असेल तर छानच, पण त्या रंगावर भाळू नका. कोरॅलाइन वरचं रंगकाम आहे, गाळणीचं काम आतले जिवाणू करतात. नाकाजवळ धरा. समुद्रकिनाऱ्यावरच्या ओल्या खडकासारखा वास आला तर ठीक. कुजक्या अंड्यासारखा आला, किंवा भोकांच्या कडेला काळे डाग आणि पांढरा बुळबुळीत पापुद्रा दिसला, तर आत मरतूक सुरू झाली आहे.

आणखी एक गोष्ट बघायची, आणि ही जिवाशी खेळ आहे म्हणून सावकाश वाचा. खडकावर बटणासारखे, एकमेकांना चिकटून वाढलेले तपकिरी किंवा हिरवट पॉलिप (प्रवाळांच्या जातकुळीतले छोटे जीव) आहेत का? ते झोअँथिड किंवा पॅलिथोआ असू शकतात, आणि पॅलिथोआच्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. असा रॉक उकळणं, त्यावर गरम पाण्याची वाफ सोडणं, प्रेशर वॉशरने धुणं, सुकलेला ब्रशने घासणं, यातलं काहीही करायचं नाही. वाफेतून आणि तुषारांतून विष फुप्फुसात जातं. घरात रॉक उकळल्यामुळे अख्खी कुटुंबं रुग्णालयात पोचल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. खरं तर पॉलिप दिसोत न दिसोत, लाइव्ह रॉक कधीच उकळू नये. ओव्हन आणि मायक्रोवेव्हही नको. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतो. काम करताना हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, हातावर जखम असेल तर काम दुसऱ्या कुणाकडे.

आणताना

पाण्यात बुडवून आणला तर सगळ्यात कमी नुकसान होतं. झाकणाच्या बादलीत त्याच टँकचं पाणी, त्यात रॉक, आणि प्रवास तासाभरापेक्षा लांब असेल तर बॅटरीवरचा एअर पंप. ओल्या कागदात गुंडाळूनही जिवाणू तगतात, पण स्पंज मात्र हवा लागली की मरतात, कारण त्यांच्या नळ्यांमध्ये शिरलेली हवा बाहेर निघत नाही. हेच मेलेले स्पंज पुढे टबात अमोनिया सोडतात. प्रवासापुरतं सोडून जुन्या टँकचं पाणी आणि तळाची वाळू सोबत घेऊ नका. पाण्यात जिवाणू फारसे नसतात, आणि जुन्या वाळूत वर्षांचा मळ दबलेला असतो.

किती घ्यायचा? लिटरमागे १२० ते २४० ग्रॅम हा जुना हिशोब अजून सांगितला जातो. तो वजनावर बेतलेला आहे, आणि रॉकच्या बाबतीत वजन फसवं असतं. हलका, सच्छिद्र रॉक लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपासही पुरतो. घट्ट, जड दगड दुप्पट घेऊन फक्त पाण्याची जागा अडते.

आणलेला रॉक थेट नव्या टँकमध्ये टाकायचा नाही. ‘चालू टँकमधलाच आहे, काय होणार आहे’ हे वाक्य ऐकलं की समजावं, अमोनिया येतोय. जिवंत ठेवायचा की पूर्ण मारून नव्याने सुरू करायचा, हे टबापाशी उभं राहूनच ठरवायचं. अर्धा मेलेला रॉक टँकमध्ये टाकून ‘बघू, सावरेल’ म्हणणं हा या छंदातला सगळ्यात महागडा निर्णय आहे.

जिवंत ठेवायचा असेल तर: मुरवणं

खाद्यपदार्थांना चालणारा प्लास्टिकचा टब किंवा पिंप घ्या, ज्यात आधी साबण किंवा रसायन नव्हतं असा. रॉकच्या आकारमानाच्या निदान दुप्पट पाणी बसायला हवं. पाणी आरओ-डीआय यंत्रातून शुद्ध केलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. नळाचं पाणी वापरलं तर फॉस्फेट आणि धातू आपणच हाताने आत घालतो. लिटरमागे साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ लागतं, ब्रँडप्रमाणे थोडं इकडेतिकडे, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं साधन) ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६, दिसायला हवं. हीटर २५ अंशांवर. प्रवाह जोरदार हवा: टबातलं सगळं पाणी तासाला दहा-वीस वेळा फिरेल एवढा पावरहेड (पाणी फिरवणारा पंप), आणि रॉक एकावर एक न रचता प्लास्टिकच्या जाळीवर मोकळे, म्हणजे खालूनही पाणी वाहील. स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) असेल तर पहिल्या दिवसापासून लावा. या टबात तो जितकी घाण काढतो तितकी पुढे वर्षभर टँकमध्ये काढणार नाही.

उजेड बंद. अंधारात शेवाळ उपाशी मरतं आणि जिवाणूंचं काही बिघडत नाही. कोरॅलाइन अगदी वाचवायचीच असेल तर दिवसाला चार-पाच तास मंद दिवा, त्याहून जास्त नाही.

एक दिवसाआड अमोनिया मोजा. १ पीपीएमच्या (दहा लाख भागांत एक भाग) वर गेला की अर्धं पाणी बदला, आणि नवीन पाणी त्याच तापमानाचं, त्याच खारेपणाचं. अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर टाकून आकडा खाली दिसेल अशी आशा धरू नका. बऱ्याच टेस्ट किट बांधलेला अमोनियाही मोजतात, आणि मग खरा किती आहे हे कळेनासं होतं. दर पाणीबदलाला प्रत्येक दगड खाऱ्या पाण्याच्या वेगळ्या बादलीत बुडवून जोरात हलवायचा. पहिल्यांदा बादलीचं पाणी चहासारखं होतं आणि तळाशी दोन बोटं गाळ बसतो. हा गाळ म्हणजे भोकांमध्ये साठलेली विष्ठा आणि जुनं खाद्य. तोच पुढे नायट्रेट-फॉस्फेट होऊन डोक्याला ताप देतो. बादलीत काही पडेनासं होईपर्यंत दर आठवड्याला हे करायचं. कुजलेले स्पंज आणि पांढरा पापुद्रा पाण्याखाली धरूनच जुन्या टूथब्रशने काढा. बटणांसारख्या पॉलिपांच्या जागेला मात्र हा ब्रश लावू नका.

चालू टँकमधून पाण्यातच आलेला रॉक एक-दोन आठवड्यांत मुरतो. हवेत राहिलेल्याला चार ते सहा लागतात. तयार झाला हे ओळखायचं कसं? पाणी न बदलता सलग सात दिवस अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. खाऱ्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्यामुळे नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतका घातक नसतो, हे खरं. पण तो दिसतो आहे याचा अर्थ जिवाणूंचं काम अर्धवट आहे.

न बोलावलेले पाहुणे

मुरवण्याचा टब ही उपद्रवी जीव पकडण्याची शेवटची सोपी जागा. टँक रचल्यावर तोच खेकडा काढायला सगळी रचना मोडावी लागते. मोठे केसाळ खेकडे आणि मॅन्टिस श्रिंप (कोळंबीसारखा दिसणारा शिकारी जीव) काढायलाच हवेत. रात्री अंधारात टबातून टिचकी मारल्यासारखा ‘टक्‌’ आवाज आला तर मॅन्टिस असू शकतो, किंवा निरुपद्रवी पिस्टल श्रिंपही. कोणत्या दगडातून येतो ते शोधा, तो दगड बाहेर काढून भोकात सिरिंजने साधं सोडावॉटर टाका. कार्बन डायऑक्साइडने गुदमरून तो बाहेर येतो. सगळ्या रॉकला लवकर झाडायचं असेल तर १.०३५ ते १.०४० एवढ्या खारट पाण्यात मिनिटभर बुडवून हलवा. बरेच किडे आणि खेकडे सुटून खाली पडतात. आत खोल बसलेले राहतात, त्यामुळे एकदा करून निर्धास्त होऊ नका.

ब्रिसल वर्मला घाबरून पूर्ण रॉक मारण्याची चूक अनेक जण करतात. छोटे ब्रिसल वर्म उरलेलं खाद्य खाऊन खडकाची सफाई करतात, त्यांना राहू द्या. फक्त उघड्या हाताने धरू नका, केस त्वचेत मोडून बसतात.

एप्टेशियाचं उलट. तपकिरी, पारदर्शक, लांब बोटांचा तो छोटा ॲनिमोन एकच दिसला तरी सोडू नका. आणि खरवडू तर अजिबात नका, तळव्याचा एखादा तुकडा राहिला तरी त्यातून नवा उगवतो. प्रवाह बंद करा, कॅल्कवॉसरची (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) पावडर थोड्या पाण्यात दाट कालवून सिरिंजने थेट तोंडावर घाला, आणि तीन-चार दिवसांनी परत बघा. दहा-पंधराहून जास्त असतील तर हा रॉक मारण्याच्या रांगेत टाका. पेपरमिंट श्रिंप लहान एप्टेशिया खातात, पण मोठ्यांच्या बाबतीत त्यांचा भरवसा नाही.

बबल अल्गीचे हिरवे फुगे पाण्याबाहेरच, न फोडता, मुळासकट उचकटा आणि जागा धुऊन टाका. वर्मेटिड गोगलगायींच्या कडक नळ्या पकडीने मोडून तोंड सुपरग्लू जेलने बुजवा. पिसासारख्या दिसणाऱ्या ब्रायोप्सिसला मात्र घासून काही होत नाही. त्यावर टबातच लिटरमागे ५ मिलिग्रॅम फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध) दोन-तीन आठवडे ठेवलं तर चालतं.

रोगांचं काय? सागरी पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी, क्रिप्टोकॅरियन, आपल्या चक्रातला एक टप्पा खडकाला चिकटलेल्या कवचात काढतो. तो डोळ्यांना दिसत नाही. त्यावर उपाय एकच: रॉक खाऱ्या पाण्यात, पण एकही मासा नसलेल्या टबात किंवा टँकमध्ये ७६ दिवस. बाहेर पडलेल्या परजीवीला यजमान मिळाला नाही की तो मरतो. मुरवण्याचे सहा आठवडे यात धरले की उरतात जेमतेम पाच. तेवढे दिवस टँकमध्ये गोगलगायी आणि कोळंबी ठेवायला हरकत नाही, त्यांना हा रोग होत नाही. फक्त त्या आणि त्यांचं पाणी मासे असलेल्या टँकमधून आलेलं नसावं, नाहीतर मोजणी पहिल्यापासून.

मारायचाच ठरवलं तर

ओलसर-कुजका, एप्टेशियाने माखलेला किंवा कोठीत सुकलेला, तिघांनाही हाच रस्ता. उघड्यावर, प्लास्टिकच्या टबात, साधं ब्लीच: सोडियम हायपोक्लोराइट ५ ते ६ टक्के, सुगंध नाही, साबण नाही, ‘शिंतोडे न उडणारं’ असं लिहिलेलं दाट ब्लीच नाही. एक भाग ब्लीचला दहा भाग साधं पाणी, आत एक जुना पंप, २४ ते ४८ तास. कुजणाऱ्या मांसातल्या अमोनियाशी ब्लीचचा संयोग होऊन घातक क्लोरामाइन वायू निघतो. म्हणून आधी मोठे कुजके गोळे काढून टाका आणि टबावर वाकून बघत बसू नका.

नंतर पाणी ओता, दगड दोनदा खळबळा, आणि साध्या पाण्यात दहा लिटरला एक ग्रॅम सोडियम थायोसल्फेट (उरलेलं क्लोरीन निष्क्रिय करणारं) टाकून दिवसभर भिजवा. क्लोरीनची टेस्ट शून्य आली आणि वास गेला, की आठवडाभर कडक उन्हात. सुकलेला दगड फोडून बघितला तर आत ओल राहिलेली दिसते, म्हणून मोठ्या दगडांना दोन आठवडे द्या.

ॲसिडबद्दल स्पष्ट मत: सरसकट करू नका. हायड्रोक्लोरिक ॲसिड कॅल्शियम कार्बोनेट विरघळवतं, त्यामुळे फॉस्फेटने माखलेला वरचा थर जातो हे खरं, पण नाजूक फाटे आणि बारीक भोकंही जातात. फॉस्फेट हाताबाहेर असेल तरच करा. बाजारातलं सुमारे ३० टक्क्यांचं ॲसिड एक भाग, पाणी दहा भाग, आणि नेहमी ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. दगड आत सोडला की सोडावॉटरसारखा फेस उसळतो. पंधरा-वीस मिनिटांत फेस मंदावला की काढा, धुवा, आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र येता कामा नयेत, क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीच केलेला दगड पूर्ण निष्क्रिय करून, सुकवून, मगच ॲसिडकडे. लोखंडी भांडं किंवा काँक्रीटची फरशी ॲसिडखाली नको. एवढी जोखीम नको असेल तर ५ टक्क्यांचं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून दिवसभर. काम हळू होतं, पण हात सुरक्षित राहतात.

मेलेल्या रॉकची खरी परीक्षा फॉस्फेटवर. खाऱ्या पाण्यात पंप लावून आठवडाभर ठेवा आणि मोजा. ०.१ पीपीएमच्या आत असेल तर पुढे चला. जास्त असेल तर पाणी बदला आणि परत आठवडाभर थांबा. बदलल्या दिवशी आकडा शून्याकडे जातो आणि तीन-चार दिवसांत पुन्हा चढतो, कारण कार्बोनेटला चिकटलेला फॉस्फेट हळूहळू सुटत राहतो. त्यामुळे पाणी बदलल्या दिवशीची टेस्ट कुणी दाखवली तर ती धरू नका. आकडा ०.५ च्या वर अडकला असेल तर लँथनम क्लोराइड थेंबाथेंबाने, पाणी ५ ते १० मायक्रॉनच्या सॉकमधून (गाळण-पिशवी) फिरवत. पाणी दुधाळ होतं, तो लँथनम फॉस्फेटचा साका. सोबत अल्कलिनिटीही (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) घसरते, ती तपासत राहा. हे फक्त टबात. मासे असलेल्या टँकमध्ये हाच साका कल्ल्यांना त्रास देतो.

मग नव्याने जिवाणू वसवायचे. अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत आणा, ५ च्या वर नाही, तिथे जिवाणूच अडखळतात. बाटलीतले जिवाणू टाका, किंवा मुरवलेल्या, माशांपासून ७६ दिवस दूर राहिलेल्या रॉकचा मुठीएवढा तुकडा प्रवाहात ठेवा. दिलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत संपून नायट्राइटही शून्य येऊ लागला, की रॉक कामाला लागला.

पहिल्याच टँकसाठी घेणाऱ्याने कोणता निवडावा? विकणारा तांब्याबद्दल ठामपणे ‘नाही’ म्हणतो, टँक अजून चालू आहे आणि दगड आपल्यासमोर पाण्यातून निघतो आहे, तर ओला रॉक जरूर घ्या. यातलं एक जरी नसेल तर सुकलेला घेऊन ब्लीचच्या रस्त्याने जा. ओलसर खोक्यातला रॉक फक्त मारायच्याच तयारीने घ्या, आणि पैसेही सुकलेल्या दगडाचेच द्या.

टँकमध्ये रचताना दगड वाळूवर ठेवू नका. आधी काचेवर रॉक, हलवून बघितल्यावर डुगडुगणार नाही असा, जोडांवर इपॉक्सी, आणि मग त्याभोवती वाळू. वाळू उकरणारा एखादा गोबी किंवा पिस्टल श्रिंप पुढे आलाच, तर वाळूवर ठेवलेला दगड खालून पोकळ होऊन काचेवर आपटतो.